तीन वेळा 'अस्पष्ट'

३ फेब्रुवारी, मंगळवार

"सासूबाई बसल्या."

बाहेरच्या खोलीतून, पुरुषाच्या आवाजात, सकाळी दहा वीसला. मी यांचा चहा घेऊन दारात होते. कप पडला नाही. बशीत सांडला, तेवढंच.

यांच्या हेडफोनची वायर तुटली आहे, म्हणून आज खेळाचा आवाज घरभर. एरवी दीड वर्षात त्या खेळातलं एक अक्षर माझ्या कानावर पडलेलं नाही. यांच्या मनगटाचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टर म्हणाले, बोटं हलती ठेवा. लेकीने लढाऊ विमानांचा खेळ कॉम्प्युटरवर बसवून दिला — हातात धरायचा दांडा, पायाखाली पट्ट्या, सगळा सरंजाम. तेव्हापासून बहात्तर वर्षांचा हा गृहस्थ रोज दहा ते अकरा लढाईवर! मी चेष्टा करायची, शत्रू संपले की भाजी घेऊन या.

हे दोन शब्द मी याआधी एकाच दुपारी ऐकले आहेत. तीन वेळा. एक्केचाळीस वर्षांपूर्वी, विमानतळाच्या कचेरीत, टेप ऐकायचं यंत्र कानाला लावून. बोलणारा माणूस जाऊन तेव्हा नऊ दिवस झाले होते.

यांनी चहा घेतला. साखर कमी आहे म्हणाले. माझ्याकडे पाहिलं नाही.

४ फेब्रुवारी, बुधवार

कालचं अक्षर बघून लाज वाटली. कोंबडीचे पाय! हाताखालच्या मुलींना मी सांगायची, ओळ सरळ आली की डोकंही सरळ चालतं. तर ओळ सरळ ठेवून लिहिते.

मी टायपिस्ट होते. पुढे विभागाची मुख्य झाले, पण तेव्हा सव्वीस वर्षांची साधी टायपिस्ट. विमान पडलं की टॉवर आणि वैमानिक यांचं रेडिओवरचं बोलणं टेपवरून कागदावर उतरवायचं काम आमच्या खोलीकडे यायचं. नियम भिंतीवर टांगलेले. त्यातला सातवा — नेमलेल्या भाषेबाहेरचा शब्द लिहू नये. त्या जागी 'अस्पष्ट' असे टाइप करावे. वैमानिक पोरं वर गेली की वाटेल ते बोलायची. शिव्या, टोपणनावं, आपसातले खुणेचे शब्द. ते चौकशीच्या कागदावर नको म्हणून हा नियम. मला तो योग्य वाटायचा. अजूनही वाटला असता.

मास्तर पडले तेव्हाची टेप माझ्याकडे आली. वैमानिक होण्याआधी दोन वर्षं शाळेत शिकवलं होतं, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. सरावाहून परत येताना त्यांचं विमान सरळ टेकडीत गेलं. टॉवरमध्ये त्या वेळी रेडिओवर हे होते. आमचं लग्न दोन महिन्यांवर आलेलं. आजच्या काळात ती टेप मला कुणी हातात दिली नसती. तेव्हा कुणी विचारलंही नाही.

टेप मला पाठ आहे.

टॉवर — उजवीकडे वळा.
मास्तर — सासूबाई बसल्या.
टॉवर — नेमलेल्या भाषेत बोला. उजवीकडे वळा.
मास्तर — सासूबाई बसल्या.
टॉवर — नेमलेल्या भाषेत बोला. उजवीकडे वळा.
मास्तर — सासूबाई बसल्या.

मग अकरा सेकंद काही नाही. मग टेप संपते.

मास्तरांच्या तिन्ही ओळींत मी 'अस्पष्ट' टाइप केलं. खुणेचा शब्द आहे एवढं कळत होतं. कशाची खूण, ते माहीत नव्हतं. माहीत करून घेणं माझं काम नव्हतं. चौकशीत ठरलं की तीनदा हुकूम देऊनही वैमानिकाने तो पाळला नाही. आज्ञाभंग.

टेप त्यानंतर पुसली गेली. ऐकणारे तीन साहेब वारले. ते दोन शब्द जगात उरले ते दोन डोक्यांत. एक माझं.

मग ते आमच्या बाहेरच्या खोलीत कसे आले?

५ फेब्रुवारी, गुरुवार

गुरुवार वहिनींचा. मास्तरांच्या पत्नी. दोन गल्ल्या सोडून राहतात, दर गुरुवारी अकराला येतात, वाचनालयाची पुस्तकं बदलून. एक्केचाळीस वर्षांत चुकले असतील तर चार गुरुवार.

आज बातमी घेऊन आल्या. विमानतळाच्या फाटकाजवळ दगडी पाटी आहे, कामावर गेलेल्या वैमानिकांच्या नावांची. ती जुनी झाली म्हणून नवी कोरणार आहेत. राहिलेल्या नावांसाठी अर्ज मागवलेत, महिनाअखेरपर्यंत. मास्तरांचं नाव त्या पाटीवर नाही. आज्ञाभंग करून गेलेल्याचं लावत नाहीत. वहिनींनी याआधी दोनदा अर्ज केला, दोनदा तोच शब्द लिहून परत आला.

तिसऱ्यांदा करते म्हणाल्या. "तुम्ही टाइप करून द्याल ना? तुमच्या हातचा कागद असला की साहेब लोक निदान शेवटपर्यंत वाचतात."

मी हो म्हटलं. पाणी प्यायला आत गेले ते दोनदा.

हे नेहमीप्रमाणे अकराला पाच कमी असताना टोपी घालून बाहेर पडले. गुरुवारी यांना बाहेर काम असतं. वहिनी नेहमीप्रमाणे म्हणाल्या, "आम्ही आलो की पळतात, आम्ही काय वाघ आहोत?" आणि नेहमीप्रमाणे हसल्या. मी इतकी वर्षं म्हणत आले, लाजाळू आहेत हो.

लाजाळू! रेडिओवर दिवसाला शंभर माणसांशी बोललेला माणूस!

८ फेब्रुवारी, रविवार

लेक आली होती. यांचा हेडफोन बदलून दिला. हे फिरायला गेल्यावर मी सहज विचारल्यासारखं केलं, हा खेळ म्हणजे असतं काय?

मी खेळाबद्दल विचारतेय म्हटल्यावर तिने खुर्चीच ओढली. अर्धा तास बोलली. खेळातली सोबतची विमानं एरवी कोरडं, नेमलेलं बोलतात. पण खेळ बनवणाऱ्यांनी आत खऱ्या वैमानिकांची बोली लपवून ठेवली आहे. कुठे सांगत नाहीत, आपली आपण शोधायची. एकाच सोबत्याबरोबर पाच वेळा उड्डाण केलं की तो मोकळा होतो. मग इंधन संपत आलं की म्हणतो, 'दूध संपलं'. रडार बंद पडलं की 'चष्मा घरी राहिला'. मागे शत्रूचं विमान लागलं की 'पाहुणे जेवायला थांबणार'. खेळणारी माणसं हे शब्द तिकिटं जमवावीत तसे जमवतात. त्यांची एक साइट आहे, तिथे यादी. लेकीने स्वतः चार शोधलेत. शाळेत बक्षीस मिळालं तेव्हा दिसायची तशी दिसत होती.

मी विचारलं, यादीत सासूबाईंचा काही शब्द आहे का?

हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, तू आणि सासूबाईंवर विनोद! वरून आजी ऐकत असेल हं. यादीत तसा शब्द नव्हता. मी म्हटलं, मी मंगळवारी ऐकला. तेव्हा तिचं हसू थांबलं. खेळाच्या आतल्या फाइली उघडून शोधत बसली. मी गॅसवर काही नसताना दोनदा गॅस बघून आले.

सापडला.

'सासूबाई बसल्या' म्हणजे दांडा अडकला, विमान वळवता येत नाही. परतीच्या उड्डाणात, टेकड्यांच्या बाजूने येताना, सोबत्याला 'उजवीकडे वळा' हा हुकूम लागोपाठ तीनदा दिला तरच तो शब्द निघतो. हुकमांची यादी पडद्यावर सहा ओळींची असते. तो म्हणाला की खाली सातवी ओळ उमटते — 'घर सोड'. म्हणजे विमान सोड, उडी मार. तेवढीच वेळेत दाबली तर छत्री उघडते.

लेक म्हणाली, तीनदा तोच हुकूम कोण देणार? माणूस दुसऱ्यांदाच कंटाळतो. म्हणून आजवर कुणाला सापडला नाही. बाबांना कसा काय मिळाला?

मी विचारलं, वेळ किती देतात?

"अकरा सेकंद. विचित्रच. बाकी सगळीकडे दहा नाहीतर पंधरा आहेत."

९ फेब्रुवारी, सोमवार

त्या काळी टॉवरने सांगितल्याशिवाय वैमानिकाने विमान सोडायचं नाही, असा हुकूम होता. मास्तर हुकमाची वाट बघत होते. एवढंच लिहवतंय.

११ फेब्रुवारी, बुधवार

आज बघितलं. मधल्या दाराच्या फटीतून, माझ्याच घरात, चोरासारखी!

दहाला बसले. आधी खरंच लढाई. शत्रूची दोन विमानं पाडली, तीही कंटाळल्यासारखी, कुणी हजेरी लावावी तशी. मग परतीचा रस्ता. पडद्यावर उजव्या हाताला टेकड्या, पुढे सोबत्याचं विमान. यांनी पाठ ताठ केली. एक दाबलं, 'उजवीकडे वळा'. हेडफोन लावलेला, मला काही ऐकू येत नव्हतं, पण यांचे ओठ हलत होते. पुन्हा दाबलं. पुन्हा. खाली सातवी ओळ उमटली. ऑपरेशन झालेला तो हात, शर्टाचं बटण लावायला मला हाक मारणारा, सातवर असा गेला की मला दिसलाही नाही.

पुढच्या विमानातून काहीतरी बाहेर पडलं. पांढरी छत्री उघडली. विमान टेकडीत गेलं, छत्री राहिली.

हे ती जमिनीला लागेपर्यंत बघत बसले. बराच वेळ लागतो तिला. मग हेडफोन काढून ठेवला, चष्मा पुसला आणि मला हाक मारली, चहा टाकतेस का म्हणून.

कोण जाणे किती महिने, रोज, साडेदहाच्या सुमाराला.

शब्द माहीत नसलेल्या माणसाचा हात असा जात नाही. म्हणजे यांना त्या दिवशीही कळलं होतं. पहिल्यांदाच कळलं होतं. कळून म्हणाले, नेमलेल्या भाषेत बोला. आणि चौकशीत विचारलं तेव्हा म्हणाले, कागदावर आहे तसंच, शब्द अस्पष्ट होते.

कागदावर तसं मी ठेवलं होतं.

भीती कशाची वाटते ते नीट लिहून काढावं म्हणून मघापासून बसले आहे. तुरुंगाची नाही, या वयात कोण नेतो! लोकांची थोडी. खरी भीती अशी की एक्केचाळीस वर्षं ज्याचे रुमाल घड्या करून ठेवले तो माणूस कोण, हे मला माहीत नाही. आणि तो आता आत बसून पेपर वाचतोय, मधूनच मला शब्दकोड्यातला शब्द विचारतोय. मी सांगतेही आहे.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

वहिनी अर्ज घेऊन आल्या. हे टोपी घालून गेलेले.

जुन्या दोन्ही अर्जांच्या प्रती प्लास्टिकच्या पिशवीत, वर रबर. मास्तरांचा फोटो. फोटोच्या मागे त्यांनीच लिहिलंय, 'हसू नकोस म्हणाले म्हणून हसलो नाही'. वहिनी अठ्ठावीसच्या होत्या ते गेले तेव्हा. शाळेत शिवण शिकवून दिवस काढले. शिक्षकांच्या खोलीत एकीने तोंडावर विचारलं होतं म्हणे, तुमचे यजमान ऐकायचे नाहीत का कुणाचं? ते मला आज सांगितलं. इतक्या वर्षांनी! शिवणीचा धागा तोडावा तसं बोलतात, एका झटक्यात, मग गप्प.

अर्जात नऊ रकाने. नववा — नवा पुरावा असल्यास जोडावा.

वहिनी म्हणाल्या, "तिथे आडवी रेघ मारा. दोन्ही वेळा रेघच मारली होती."

मी टाइप करायला पुढच्या गुरुवारपर्यंत मुदत मागून घेतली. टाइपरायटरची रिबन आणायची आहे, असं खोटं सांगितलं. रिबन आहे. दोन आहेत. मी सहसा खोटं बोलत नाही. बोलले की कान तापतात. वहिनींना दिसले असणार. जाताना माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, बरं नाही का तुम्हाला? आराम करा, अर्ज काय, होईल.

त्या फाटकाबाहेर गेल्यावर दाराला कडी घातली. दिवसाढवळ्या. कुणापासून, कुणास ठाऊक.

१५ फेब्रुवारी, रविवार

वाईट दिवस.

लेक आली ती नाचतच. खेळात मदत करणाऱ्यांची नावं शेवटी दिलेली असतात, ती आजवर कुणी वाचत नव्हतं, तिने वाचली. गेल्या वर्षी खेळात भर घातली तेव्हा बनवणाऱ्यांनी जुन्या माणसांकडून बोली मागवली होती. तिथे शेवटची ओळ — 'टॉवरमधील एक निवृत्त गृहस्थ, सासूबाईंसाठी'.

"आई, हे बाबाच! किती छुपे रुस्तम आहेत बघ. मी आज साइटवर टाकणार. कसा शोधायचा, काय दाबायचं, आणि कुणी दिला ते सगळं."

मी म्हटलं, टाकायचं नाही.

तिने विचारलं, का? मी पुन्हा म्हटलं, टाकायचं नाही. कचेरीतला आवाज लागला. ती अडतीस वर्षांची आहे आणि दहा वर्षांची असल्यासारखी जागीच उभी राहिली. मग हळूच म्हणाली, आई, तू घाबरली आहेस का?

कुणाला न घाबरणारी म्हणून माझी ख्याती! मुली मला मागून 'फूटपट्टी' म्हणायच्या, मला माहीत होतं. मी तिला सांगितलं, तुझ्या बाबांचं आहे, त्यांना विचारल्याशिवाय नाही. ती बरं म्हणाली. पण जाताना एकदा माझ्याकडे, एकदा बाहेरच्या खोलीकडे बघून गेली. हुशार आहे. जुळवील.

साइटवर विमानतळाची जुनी माणसंही येतात म्हणाली. कुणीतरी वाचेल — तीन हुकूम, अकरा सेकंद, टेकडी. कुणीतरी वहिनींना सांगेल. वाचनालयात, पुस्तकं बदलताना, भलत्याच कुणीतरी.

१६ फेब्रुवारी, सोमवार

भाजीत मीठ दोनदा पडलं. हे न बोलता खात राहिले. आज प्रथमच वाटलं की हा माणूस न बोलता काहीही गिळू शकतो.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

ठरलं. घाबरून बसायचं तर घाबरून काम तरी करावं.

यांना वाचनालयात पाठवलं आणि टाइपरायटर काढला. वर मास्तरांचं नाव, तारीख, वेळ. खाली ते संभाषण, होतं तसं. 'अस्पष्ट'च्या जागी तिन्ही वेळा खरे शब्द. त्याखाली अर्थ. त्याखाली — टेप उतरवणाऱ्या टायपिस्टने हे शब्द स्पष्ट ऐकले होते. सातव्या नियमानुसार लिहिले नाहीत. त्याखाली — टॉवरमधील इसमास अर्थ माहीत होता.

शेवटच्या ओळीपाशी बोटं थांबली. पुरते सहा शब्दही नाहीत. मिनिटाला सत्तर शब्दांचा वेग होता माझा, ती ओळ टाइप करायला पाऊण तास लागला. एकदा 'नव्हता' असंही टाइप केलं. कागद ओढून काढला, फाडला, नवा लावला.

उद्या यांना वाचून दाखवणार. मगच नवव्या रकान्याला जोडणार. पाठीमागून काही करायचं नाही. यांनी केलं म्हणून मी करायचं नाही.

१८ फेब्रुवारी, बुधवार

पावणेअकराला, छत्री जमिनीला लागल्यावर, मी आत गेले आणि उभ्याने कागद वाचला. सरळ. न थांबता.

ओरडतील असं वाटलं होतं. नाकारतील असं वाटलं होतं. त्याचीच तयारी करून गेले होते. यांनी हेडफोन गळ्यात तसाच ठेवला आणि म्हणाले, बस.

मग सांगितलं. त्या आठवड्यातच नवा हुकूम निघाला होता, रेडिओवर खुणेची बोली बंद. बडेसाहेब स्वतः टॉवरमध्ये येऊन प्रत्येकाच्या खुर्चीमागे उभे राहत. त्या दिवशी यांच्या मागे. मास्तरांनी शब्द टाकला, यांना लगेच कळला, आणि खांद्यावर साहेबांचं बोट टेकलं. नेमलेल्या भाषेत. हे तसं म्हणाले. दुसऱ्यांदाही म्हणाले. नेमलेल्या भाषेत तेच सांगायला मोठं वाक्य लागतं. मास्तरांना दोन्ही हातांनी दांडा ओढताना ते कुठून जमणार! तिसऱ्यांदा शब्द आला तेव्हा साहेबांनी बोट काढलं होतं. खांदा मोकळा होता.

"तरी माझ्या तोंडून निघेना. अकरा सेकंद. ते साहेबांचे नाहीत. माझे आहेत."

मी कागद मांडीवर ठेवून सरळ केला.

मग यांनी कागद मागून घेतला. दोनदा वाचला. 'टॉवरमधील इसमास' खोडून तिथे स्वतःचं पूर्ण नाव घातलं, खाली सही केली, शाईच्या पेनाने. हात अजिबात हलला नाही. कागद परत देताना म्हणाले, "टायपिस्टबद्दल एवढंच पुरे. तुझं ते बाकीचं घालू नकोस. मी कधी घातलं नाही."

माझं बाकीचं? माझं बाकीचं काय?

विचारलं तर माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच काहीतरी लपवतेय. मग उठून गेले, वाद नको म्हणून असेल. पण मी इथे बसून मघापासून आठवतेय. काय केलं मी? काय?

१९ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी पुन्हा विचारलं, सोडलंच नाही. तेव्हा बोलले.

चौकशीत 'अस्पष्ट' म्हणून आल्यावर टाइप केलेले कागद सहीसाठी यांच्याकडे गेले होते. त्यात मास्तरांच्या पहिल्या ओळीशेजारी, समासात, यांनी पेन्सिलीने लिहिलं होतं — सासूबाई बसल्या. म्हणजे दांडा अडकला. मला समजले होते, मी उशीर केला. शाईने लिहायची छाती झाली नाही. पेन्सिलीने झाली. मग आठ दिवस कपडे बांधून बोलावण्याची वाट बघितली. फाइल शिक्का होऊन परत आली. समास कोरा.

"तू खोडलंस ते मला वाचवायला. लग्न दोन महिन्यांवर होतं. मी बोललो असतो तर कागदात फेरफार केला म्हणून तुला नेलं असतं. म्हणून गप्प राहिलो."

मी खोडलं. खरं आहे. फाइल वर जाण्याआधी पेन्सिलीची प्रत्येक खूण खोडरबराने काढायची, ही आमच्या खोलीची रीत. आकडे, रेघा, साहेबांच्या खुणा — सगळं. चुरा फुंकून टाकायचा. आणि काय लिहिलंय ते वाचायचं नाही. फाइलीतलं दुसऱ्याचं न वाचणं, याचा मला अभिमान होता.

वाचलं नव्हतं. यांना सांगितलं. यांनी बराच वेळ माझ्या हातांकडे बघितलं.

नवव्या रकान्याच्या कागदावर दोन ओळी वाढवल्या, माझं पूर्ण नाव घालून, शाईने.

अकराला पाच कमी आहेत. यांची टोपी खुंटीवरच आहे. बाहेरच्या खोलीत तीन खुर्च्या मांडून, कॉम्प्युटर न लावता, हे एका खुर्चीवर बसले आहेत. फाटक वाजलं.